वेडा कोण, आणि ते ठरवायचे कोणी?

अमेरिकेतील ख्रिस्ती समाजात गेली काही वर्षे एक भांडण धुमसत आहे. आपल्या राष्ट्राध्यक्षाचे डोके ठिकाणावर आहे की नाही, आणि नसल्यास श्रद्धावंत माणसाचे कर्तव्य काय, असा त्या भांडणाचा विषय. एकाच देवळात शेजारी बसून एकाच देवाला आळविणारे दोन भाऊ बाहेर पडताच एकमेकांवर तुटून पडतात. एक म्हणतो, हा पुरुष परमेश्वरानेच पाठविला आहे. दुसरा म्हणतो, याला वेळीच आवरा, नाहीतर हा देश बुडवील. धर्मगुरू पत्रके काढतात, मानसशास्त्रज्ञ ग्रंथ लिहितात, आणि सामान्य मतदार मात्र ज्याला काल मत दिले त्यालाच आजही देतो. आमच्या काही वाचकांना वाटेल की, ही दूरदेशीची तक्रार. मुंबईच्या पत्राने तिच्यासाठी पहिल्या पानाची जागा का खर्चावी?

आमचे उत्तर असे की, हा खटला आपल्या दारात एकदा लढला गेलेला आहे. मांडव्याला उतरून अलिबागवरून दक्षिणेकडे निघालेला माणूस रेवदंड्यास पोचतो. तेथल्या पडक्या तटांच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत; देवळांच्या मोडक्या भिंती आहेत; सातखणी मनोरा आकाशात एकटाच उभा आहे. कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला, आणि त्याच्या पायथ्याशी पोर्तुगीज वळणाची आपली निराळी बोली अजून घरात बोलणारी ख्रिस्ती वस्ती. ज्या जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत आणि आज रायगड म्हणतात, त्या जिल्ह्याचा हा किनारा १५२१ पासून १७४० पर्यंत चौलचे ठाणे म्हणून पोर्तुगालच्या राजाच्या सत्तेखाली होता. आणि या सव्वादोनशे वर्षांच्या मध्यावर त्या राजाचीच बुद्धी धड आहे की नाही, याचा निवाडा ख्रिस्ती लोकांनी, ख्रिस्ती न्यायासनासमोर, ख्रिस्ती धर्मशास्त्राचा आधार घेऊन केला. अमेरिकेतल्या आजच्या वादाचे सगळे पात्र-प्रसंग त्या खटल्यात आहेत, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते.

राजाचे नाव सहावा अफोन्सो. जन्म १६४३. तीन वर्षांचा असताना त्याला कसल्याशा तापाने गाठले. अंगाची उजवी बाजू लुळी पडली आणि त्याच्या काळच्या लोकांच्या म्हणण्याप्रमाणे बुद्धीलाही धक्का बसला. १६५६ साली बाप वारला तेव्हा हा पोरगा तेरा वर्षांचा. आई लुईझा हिने कारभार हाती घेतला. पोरगा वाढला तो उनाडांच्या संगतीत. रात्री लिस्बनच्या रस्त्यांवरून धिंगाणा घालीत फिरावे, कोणा इटालियन दुकानदाराला मित्र करावे आणि त्याला राजवाड्यात आणून बसवावे, असे त्याचे चाळे. १६६२ साली कास्तेलो मेल्योर नावाच्या सरदाराने राजाला हाताशी धरून आईला बाजूला केले आणि पुढची पाच वर्षे खरा कारभार त्यानेच हाकला.

आता गंमत पाहा. ज्या राजाला पुढे नालायक ठरविले, त्याच्याच अमदानीत पोर्तुगालने स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धातील १६६३ ची आणि १६६५ ची निर्णायक लढाई जिंकली. उलट, आमचे हे मुंबई शहर आंदण म्हणून इंग्रजांच्या पदरात टाकण्याचा तह झाला तो १६६१ साली, म्हणजे शहाण्या आईच्या आणि तिच्या शहाण्या मंत्र्यांच्या कारकीर्दीत. राजाच्या बहिणीचे, कातारीनाचे, लग्न इंग्लंडच्या राजाशी लागले आणि सात बेटे वरपक्षाकडे गेली. गोव्याचा गव्हर्नर आंतोनियो द मेलो द कास्त्रो याने १६६५ च्या जानेवारीत लिस्बनला कळवळून लिहिले की, इंग्रज मुंबईत पाय रोवतील त्याच दिवशी हिंदुस्थान आपल्या हातचे जाईल. पत्र वाचणारा राजा वेडा होता म्हणून हा सल्ला वाया गेला, असे कोणी म्हणू नये. तो वाया गेला तो शहाण्यांनी आधीच करून ठेवलेल्या करारापायी. सत्ताधीशाच्या डोक्याची परीक्षा करणारांनी एवढे ध्यानात ठेवावे की, देशाचे मोठे नुकसान करण्यासाठी वेड लागण्याची मुळीच आवश्यकता नसते.

१६६६ साली राजाचे लग्न झाले. राणी फ्रान्सहून आली. सव्वा वर्षात तिने नवऱ्याचे पाणी जोखले. राजाचा धाकटा भाऊ पेद्रू हा अंगाने धडधाकट, मनाने महत्त्वाकांक्षी. १६६७ च्या सप्टेंबरात कास्तेलो मेल्योरला घालविण्यात आले. नोव्हेंबरात राणी राजवाडा सोडून जोगिणींच्या मठात जाऊन बसली आणि हा विवाह विवाहच झालेला नाही, असा दावा तिने धर्मपीठासमोर लावला. दोन दिवसांत राजाला त्याच्याच दालनात कोंडून त्याच्याकडून राज्यत्यागाच्या कागदावर सही घेण्यात आली. १६६८ च्या जानेवारीत लोकप्रतिनिधींच्या सभेने पेद्रूला राज्याचा प्रतिपालक म्हणून शपथ दिली. मग धर्मपीठासमोर साक्षीपुरावा झाला. राजाच्या शयनगृहातल्या गोष्टी उघड्यावर आल्या. ज्या स्त्रियांना कधी कोणी पुरुषाच्या बरोबरीने साक्षीला बोलावले नव्हते त्यांच्याही जबान्या टिपून घेतल्या गेल्या. मार्चात विवाह रद्द ठरला. आणि तो रद्द ठरल्याला आठ-दहा दिवस होतात न होतात तोच राणीने पेद्रूशी, म्हणजे कालच्या दिराशी, लग्न लावले! अशा विवाहाला धर्माची विशेष परवानगी लागते. ती फ्रान्समधल्या एका कार्डिनलने तत्परतेने दिली. तो कार्डिनल राणीचा मामा होता, हे सांगितले म्हणजे पुढे काही बोलण्याचे कारण उरत नाही.

अफोन्सो वेडा नव्हता, असे सिद्ध करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. तो राज्य करण्यास असमर्थ असावा, असेच पुरावा सांगतो. पण निवाडा करणारे कोण होते? ज्याला गादी मिळायची होती तो भाऊ, ज्या बाईला नवा नवरा हवा होता ती बायको, आणि त्या दोघांना सोयीस्कर शास्त्रार्थ काढून देणारे धर्माधिकारी. खटल्याचा निकाल कदाचित बरोबर असेल. न्यायाधीशांपैकी प्रत्येकाचा हात मात्र फिर्यादीच्या खिशात होता. पेद्रूच्या मनालाही काही टोचणी असावी. भाऊ जिवंत असेपर्यंत त्याने राजा ही पदवी धारण केली नाही. अफोन्सोला १६६९ मध्ये अटलांटिकमधल्या तेर्सेरा बेटावर नेऊन ठेवले; १६७४ मध्ये परत आणून सिंत्राच्या राजवाड्यातल्या एका खोलीत बंद केले. त्या खोलीत येरझारा घालून घालून त्याने फरशी झिजविली, असे तेथे येणाऱ्या प्रवाशांना आजही सांगतात. १२ सप्टेंबर १६८३ रोजी तो तेथेच मेला.

त्या वेळी इकडे काय चालले होते? त्याच पावसाळ्यात छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा घातला होता. रेवदंड्याच्या तटावरचे शिपाई ज्याच्या नावाने लढत होते तो राजा सहा महिन्यांच्या जलप्रवासाइतका दूर एका खोलीत अखेरचे दिवस मोजीत होता, आणि त्याची लायकी-नालायकी ठरविताना चौलच्या ख्रिस्ती रयतेला, कोर्लईच्या कोळ्या-कुणब्यांना कोणी चकार शब्दाने विचारले नव्हते. पुढे मराठे गोव्याच्या वेशीवर येऊन धडकले तेव्हा व्हाइसरॉयने संत झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला अधिकारदंड संताच्या हाती ठेवला आणि आता राज्य तूच राख असे विनविले, अशी गोव्यातील परंपरागत हकीगत आहे. पंधरा वर्षांपूर्वी राजाला मंदबुद्धी म्हणून घरी बसविणाऱ्या राज्यात या व्हाइसरॉयच्या मनःस्थितीची चौकशी करा असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. श्रद्धेची कृती आणि भ्रमाची कृती यांतली रेषा पाहणाराच्या पक्षाप्रमाणे सरकते, ती ही अशी.

ख्रिस्ती राज्यांतच असे होते, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. पण परक्या ख्रिस्ती सत्तेने एका मराठी राजाला हाच न्याय कसा लावला, ते सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी हे १८७१ साली दत्तक येऊन गादीवर बसले तेव्हा वयाने लहान होते. पुढे ते वेडे झाले असे इंग्रज अधिकाऱ्यांनी ठरविले. महाराज वेडे नाहीत, त्यांचा छळ होत आहे आणि या छळाने शहाणा माणूसही वेडा होईल, असा संशय पुण्यात पसरला. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे तेव्हा दीड वर्षाचीही झालेली नव्हती. त्यांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर तोफ डागली. पुराव्यादाखल छापलेली पत्रे बनावट निघाली. अब्रुनुकसानीचा खटला झाला. १८८२ च्या जुलैमध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे ऑक्टोबरात सुटले. त्या मुक्कामात आगरकरांनी 'हॅम्लेट'च्या मराठी रूपांतरावर काम केले. ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये बाहेर आले. वेडा ठरविलेल्या एका राजपुत्रासाठी तुरुंगात गेलेल्या संपादकाने तेथे बसून वेडाचे सोंग घेणाऱ्या दुसऱ्या राजपुत्राची कथा मराठीत आणावी, हा योगायोग आम्हांला नेहमी चटका लावून जातो.

महाराजांचे पुढे काय झाले? त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी त्यांची झटापट झाली आणि तीत त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस. तो नाताळचा दिवस होता. पृथ्वीवर शांती नांदो म्हणून त्या दिवशी नगरच्या छावणीतही प्रार्थना झालीच असेल.

कोल्हापूरच्या गादीवर त्यानंतर राजर्षी शाहू आले, हे साऱ्या महाराष्ट्राचे भाग्य. परंतु फळ गोड निघाले म्हणून मागे झालेली चौकशी न्यायाची होती असे होत नाही. ज्या तरुणाच्या आयुष्याचा प्रश्न होता, त्याची तपासणी त्याला ताब्यात ठेवणाऱ्या सत्तेच्याच माणसांनी करायची, तिचे कागद त्याच सत्तेने दाबून ठेवायचे, आणि शंका घेणाराला तुरुंग दाखवायचा, हा प्रकार कोणत्या न्यायशास्त्रात बसतो? टिळक-आगरकरांचा पुरावा खोटा निघाला. त्यांचा प्रश्न मात्र खरा होता, आणि त्याला उत्तर न्यायालयात मिळाले नाही, ते नगरच्या किल्ल्यात मिळाले.

या दोन हकीगती मनात ठेवून आता अमेरिकेकडे पाहू. तेथे हा वाद ट्रम्प यांच्यापासून सुरू झाला असे मानणे चूक आहे. १९६४ साली 'फॅक्ट' नावाच्या नियतकालिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर हे मानसिकदृष्ट्या पात्र आहेत काय, अशी पृच्छा १२,३५६ मनोविकारतज्ज्ञांकडे केली. २,४१७ जणांनी उत्तरे धाडली आणि त्यांपैकी १,१८९ जणांनी, त्या गृहस्थांची नाडीही न पाहता, ते अपात्र असल्याचा दाखला देऊन टाकला! गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण बदनामीचा दावा जिंकले. त्यानंतर १९७३ मध्ये तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला की, ज्याला आपण तपासलेले नाही आणि ज्याने संमती दिलेली नाही अशा सार्वजनिक व्यक्तीच्या रोगाबद्दल जाहीर मत देऊ नये. २०१७ साली सत्तावीस तज्ज्ञांनी ट्रम्प यांच्याविषयी ग्रंथ काढला तेव्हा याच नियमावरून पुन्हा रण माजले.

वैद्यांची ही गत. मग उपदेशकांचे काय पुसता? २०१६ साली गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ८१ टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिल्याचे मतदानोत्तर पाहणीत आढळले. त्याच पंथातल्या 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या बिली ग्रॅहम यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेल्या पत्राचे संपादक मार्क गॅली यांनी १९ डिसेंबर २०१९ रोजी अग्रलेख लिहून, या माणसाला पदावरून दूर करा, अशी मागणी केली. आम्हांला त्या अग्रलेखातली एक गोष्ट मोलाची वाटते. गॅली यांनी रोगाचे नाव घेतले नाही. त्यांनी वर्तनाविषयी लिहिले. सत्तेचा गैरवापर, असत्य, नीती यांविषयी लिहिले. संपादकाला आणि श्रद्धावंताला जे पाहता येते तेवढ्याचाच त्यांनी न्याय केला. त्याचे उत्तर काय मिळाले? खुद्द ग्रॅहम यांच्या मुलाने सांगितले की, माझ्या वडिलांनी ट्रम्प यांनाच मत दिले होते. आणि सुमारे दोनशे इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी निषेधाचे पत्र काढले.

पण दुसऱ्या बाजूचे पाहा. २७ जून २०२४ च्या वादसभेत राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांची जी अवस्था झाली ती साऱ्या जगाने पाहिली. बायडन हे नियमाने उपासनेस जाणारे कॅथलिक. ५ जुलैच्या मुलाखतीत ते म्हणाले की, सर्वशक्तिमान परमेश्वर स्वतः खाली उतरून सांगेल तरच मी या निवडणुकीतून माघार घेईन. परमेश्वर उतरल्याची वार्ता नाही. सोळा दिवसांनी पक्षातल्या सहकाऱ्यांनीच ते काम केले. तोवर ट्रम्प यांच्या मेंदूची चिकित्सा तावातावाने करणाऱ्यांना आपल्या माणसाच्या अडखळत्या वाक्यांत केवळ सर्दी दिसत होती. आणि २० जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्यांदा शपथ घेताना ट्रम्प यांनी सांगितले की, गोळीबारातून देवाने मला वाचविले ते अमेरिकेला पुन्हा मोठे करण्यासाठी. एकाला पदावरून जायला देवाची आज्ञा हवी. दुसऱ्याला पद मिळाले तेच देवाच्या योजनेने! या दोन्ही उत्तरांत एक साम्य आहे. दोन्हींत मतदाराला पुढे प्रश्न विचारण्याची सोय उरत नाही.

ज्या शास्त्राचा दाखला हे सारे देतात, ते शास्त्र याबाबतीत इतके भाबडे नाही. इस्राएलाचा पहिला राजा शौल हा देवाने निवडलेला, अभिषिक्त. आणि त्याच राजाच्या मनात पुढे काळोख शिरतो, तो वीणा वाजविणाऱ्या दावीदावर भाला फेकतो. दावीद त्याला ठार मारण्याची चालून आलेली संधी सोडतो. पण शौल शहाणा आहे असे काही तो म्हणत नाही, किंवा त्याच्या भाल्यापुढे बसूनही राहत नाही. बाबेलचा नबुखद्नेस्सर गर्वाने फुगतो, त्याची बुद्धी जाते आणि तो गुरासारखा गवत खातो, हे दानीएलाच्या ग्रंथात आहे. ग्रंथ राजाच्या आजाराची चेष्टा करीत नाही. त्याला बुद्धी परत आल्यावर राज्यही परत मिळते. निवड देवाची होती म्हणून पात्रता कायमची ठरली, हा सिद्धांत या कथांतून निघत नाही. आणि रोग झाला म्हणून माणूस कायमचा फेकून द्यावा, हाही निघत नाही.

अनुभव काय सांगतो? १९९८ च्या ऑगस्टअखेर नॉर्वेचे पंतप्रधान शेल मान्ये बोंदेविक यांनी जाहीर केले की, आपल्याला नैराश्याच्या आजाराने गाठले आहे आणि आपण रजेवर जात आहोत. हे गृहस्थ ख्रिस्ती लोकपक्षाचे आणि दीक्षा घेतलेले लुथेरन धर्मगुरू. सुमारे साडेतीन आठवडे मंत्रिमंडळातील सहकारी बाईंनी त्यांचे काम पाहिले. बरे होऊन ते परतले. मतदारांनी त्यांना २००१ साली पुन्हा त्याच पदावर बसलेले पाहिले आणि २००५ पर्यंत त्यांनी राज्य केले. रोम येथील पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पद सोडताना शरीराचेच नव्हे, मनाचेही बळ या कामास पुरत नाही, असे स्वतः सांगितले. तहहयात पदावरचा, साऱ्या कॅथलिक जगाचा धनी असे म्हणू शकतो! त्या धर्मसंस्थेचा नियम आहे की, बिशपाने पंचाहत्तर वर्षे पुरी होताच राजीनामा पुढे करावा, आणि ऐंशी ओलांडलेल्या कार्डिनलने पोपच्या निवडणुकीत मत देऊ नये. रेवदंडा-कोर्लईचे कॅथलिक ज्या मुंबईच्या धर्मप्रांतात मोडतात, तेथे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांच्यानंतर २०२५ च्या जानेवारीत नवे आर्चबिशप आले ते याच रिवाजाने. आमच्या लोकशाहीत पंचाहत्तरीच्या पुढाऱ्याला राजीनाम्याचे नाव काढले तर त्याचे अनुयायी दगड घेऊन येतात.

याच्या उलट टोक म्हणजे लपवाछपवी. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाचे चिरंजीव, नित्य बायबल वाचणारे. २ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांना पक्षाघात झाला आणि मग कित्येक महिने कोणता कागद त्यांच्यापुढे जावा, कोणता जाऊ नये, हे त्यांच्या पत्नी ठरवीत राहिल्या. अमेरिकेने यावर घटनेत पंचविसावी दुरुस्ती केली ती १९६७ साली. तिच्यातले चौथे कलम, म्हणजे असमर्थ अध्यक्षाला बाजूला करण्याचे, आजवर एकदाही वापरले गेलेले नाही. पण निदान ते तेथे लिहिलेले आहे. अध्यक्षाला असमर्थ ठरवायचे तर उपाध्यक्ष, मंत्रिमंडळातले बहुमत आणि वाद झाल्यास दोन्ही सभागृहांतले दोन-तृतीयांश सभासद लागतात. एका भावाच्या आणि एका मामाच्या मर्जीवर ते काम भागत नाही.

आणि आमच्याकडे? याच कोकणपट्टीच्या दक्षिण टोकाला गोव्यात मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना २०१८ च्या आरंभी असाध्य व्याधीने ग्रासले. ते बुद्धीने अखेरपर्यंत लखलखीत होते. २०१९ च्या जानेवारीत नाकात नळी असताना त्यांनी अर्थसंकल्प मांडला. त्या जिद्दीपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु २०१८ च्या सप्टेंबरात त्याच मंत्रिमंडळातून फ्रान्सिस डिसोझा आणि पांडुरंग मडकईकर या दोन मंत्र्यांना प्रकृतीच्या कारणाने वगळण्यात आले, आणि त्यांना वगळणारे मुख्यमंत्री स्वतः इस्पितळात होते! डिसोझा १४ फेब्रुवारी २०१९ रोजी वारले, पर्रीकर १७ मार्चला. एकाला लावलेला नियम दुसऱ्याला का लागला नाही, हा प्रश्न म्हापशाच्या ख्रिस्ती मतदाराने विचारला असता तर त्याला कोणते कलम दाखविता आले असते? २०१६ साली तमिळनाडूत जयललिता ७५ दिवस इस्पितळात होत्या. राज्यपालांनी त्यांची खाती दुसऱ्याकडे दिली, पण त्यांची खरी स्थिती काय हे राज्याला अखेरपर्यंत नीट कळले नाही.

आमची घटना या बाबतीत अर्धी बोलते, अर्धी गप्प बसते. सक्षम न्यायालयाने ज्याला विकल मनाचा असे घोषित केले आहे त्याला संसदेत कलम १०२ प्रमाणे आणि विधिमंडळात कलम १९१ प्रमाणे बसता येत नाही. शब्द फार विचारपूर्वक घातलेले आहेत. न्यायालयाने घोषित केले पाहिजे. वर्तमानपत्राने नव्हे, मठाधिपतीने नव्हे, विरोधी पक्षाच्या प्रवक्त्याने तर नव्हेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. मनाचा आजार आहे एवढ्यावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही, आणि कोणाच्या राजकीय, सामाजिक वा धार्मिक स्थानावरून त्याच्या आजाराचे निदान करता येत नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. हा कायदा १८८२ साली असता तर कोल्हापूरच्या त्या तरुणाला निदान एक वकील तरी मिळाला असता.

तेव्हा आमच्या ख्रिस्ती बांधवांना, आणि त्यांच्या निमित्ताने सर्वांनाच, आमचे सांगणे आहे की, पुढाऱ्याच्या कृत्यांची झडती अवश्य घ्या. तो खोटे बोलला काय, त्याने वचन मोडले काय, त्याने दुबळ्यावर सत्ता चालविली काय, हे पाहण्यासाठी वैद्यकी शिकावी लागत नाही; रविवारी देवळात जे ऐकता ते त्यासाठी पुरे आहे. त्याला रोगाचे नाव मात्र चिकटवू नका. ते नाव चिकटविले की दोन अपराध घडतात: दुष्टपणाला औषधाची सबब मिळते, आणि खरोखर मनाने आजारी असलेल्या आपल्या शेजारच्या गरीब माणसाच्या कपाळी दुष्टपणाचा डाग लागतो. आमच्या मराठी पत्रसृष्टीला शिव्यांची वाण कधीच नव्हती. 'वेडा' ही तिच्यातली सर्वांत आळशी शिवी आहे, कारण ती दिल्यावर पुरावा देण्याचे कष्ट वाचतात.

राहिला कायद्यातला खड्डा. राष्ट्रपती आजारी पडल्यास उपराष्ट्रपतीने काम पाहावे, अशी तरतूद घटनेच्या कलम ६५ मध्ये आहे. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री शुद्धीवर नसला, किंवा शुद्धीवर असून विचार करण्यास असमर्थ झाला, तर काय, याबद्दल घटनेत एक ओळही नाही. तेथे सारा कारभार पक्षाच्या सोयीवर, घरच्या मंडळींच्या शब्दावर आणि इस्पितळाच्या मोघम पत्रकावर चालतो. असमर्थता कोणी पाहायची, ती पाहणारा मंडळाचा सभासद त्या खुर्चीचा उमेदवार नसावा, आजाऱ्याची बाजू मांडण्यास कोणी असावे, आणि बरा झालेल्याला बोंदेविक यांच्याप्रमाणे मानाने परत येता यावे, एवढ्या गोष्टी लिहून ठेवायला घटनादुरुस्तीचे एक पान लागेल. उमेदवाराकडून मालमत्तेची आणि गुन्ह्यांची प्रतिज्ञापत्रे २००३ पासून घेणाऱ्या देशाला ते अवघड नाही. महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या खासदारांपैकी एकाने तरी संसदेच्या येत्या अधिवेशनात त्यासाठी खासगी विधेयक मांडावे. सगळ्या पुढाऱ्यांच्या प्रकृती ठणठणीत असताना ते मांडलेले बरे. कोणी अंथरुणाला खिळल्यावर मांडले तर त्याच्या पानापानावर कोणाचा तरी भाऊ बसलेला दिसेल.